एपी५ दिलेला उंदीर टाकीत का हरवतो: एका टेस्टचं पूर्ण प्रकरण

एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे चेतापेशींवरचं एक प्रथिनाचं दार, एपी५ या औषधाने बंद केला की उंदराला जागा लक्षात राहत नाही, हे विधान न्यूरोसायन्स शिकणाऱ्या प्रत्येकाने कुठे ना कुठे वाचलेलं असतं, आणि ते ज्या प्रयोगातून आलं तो १९८६चा प्रयोग खरंच देखणा आहे. पण त्याच्यानंतर पंचवीसेक वर्षं त्यातल्या पाण्याच्या टाकीभोवती काय काय झालं ते सहसा कोणी सांगत नाही. वर्तनाच्या टेस्टवरून शरीरातल्या एखाद्या यंत्रणेबद्दल बोलायचं असेल तर नेमकं कुठे जपायचं हे या प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही, म्हणून पहिल्यापासून सगळं लिहून काढतोय.

आधी टाकी. रिचर्ड मॉरिस स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज युनिव्हर्सिटीत असताना त्याने वॉटर मेझ ही टेस्ट काढली आणि १९८१मध्ये छापली. मीटर-दीड मीटर रुंदीची गोल टाकी, त्यात कोमट पाणी, पाण्यात दूध घालून ते गढूळ केलेलं, आणि पृष्ठभागाच्या जरासं खाली एक छोटा प्लॅटफॉर्म जो उंदराला पोहताना दिसत नाही. उंदीर पोहतो उत्तम पण त्याला पाण्यात राहायचं नसतं, त्यामुळे ना उपाशी ठेवावं लागतं ना शॉक द्यावा लागतो, बाहेर पडायची धडपड त्याची त्यालाच असते. दर वेळी त्याला काठावरच्या वेगळ्या ठिकाणाहून सोडायचं. वासाचा माग पाण्यात टिकत नाही, जवळ कसलीही खूण नाही, मग उरतात ती खोलीतली मोठी दृश्यं, म्हणजे दार, दिवा, भिंतीवरचं पोस्टर, आणि त्यांच्या हिशोबाने प्लॅटफॉर्म कुठे आहे हे त्याने ठरवायचं. पहिल्या वेळी मिनिटभर भटकणारा उंदीर काही दिवसांच्या सरावानंतर काही सेकंदांत सरळ रेषेत तिथे जातो.

मग प्रोब ट्रायल. प्लॅटफॉर्म काढून घ्यायचा, उंदराला साधारण ६० सेकंद पोहू द्यायचं आणि टाकीचे चार भाग कल्पून तो कुठे किती वेळ घालवतो ते मोजायचं. काहीच माहीत नसेल तर प्रत्येक भागात सरासरी २५ टक्के वेळ जाईल, जागा माहीत असेल तर तो जुन्या जागेवरच घिरट्या घालत राहतो. १९८२मध्ये मॉरिस, गॅरड, रॉलिन्स आणि ओ'कीफ यांनी दाखवलं की हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला भाग काढलेल्या उंदरांना हे जमत नाही पण प्लॅटफॉर्म पाण्याच्या वर दिसत असेल तर तेच उंदीर सरळ त्याच्यावर जाऊन चढतात. इथपर्यंत टेस्ट एकदम भक्कम आहे, याबद्दल कोणाचं फारसं भांडण नाही.

आता फिजिऑलॉजीची बाजू. १९७३मध्ये टिम ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी भूल दिलेल्या सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं होतं की एका वाटेवर थोडा वेळ वेगाने विजेचे ठोके दिले की पुढच्या पेशींचा प्रतिसाद वाढतो आणि कित्येक तास वाढलेलाच राहतो. यालाच एलटीपी म्हणतात. आठवण साठवायला मेंदूला असंच काहीतरी लागत असणार असं वाटणं अगदी साहजिक होतं. १९८३मध्ये ग्रॅहॅम कॉलिंग्रिज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एपी५ नावाचं औषध दिलं की एलटीपी सुरूच होत नाही, पण रोजचा साधा सिग्नल मात्र चालू राहतो. कारण एपी५ ज्याला अडवतं त्या एनएमडीए रिसेप्टरची रचनाच तशी आहे, त्याच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बसलेला असतो, नुसतं ग्लुटामेट (एका पेशीकडून दुसरीला निरोप नेणारं रसायन) येऊन भागत नाही, पेशी त्याच वेळी उत्तेजितही असावी लागते, तेव्हा कुठे मॅग्नेशियम बाजूला होतं आणि कॅल्शियम आत शिरतं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या तरच उघडणारं दार. शिकण्याच्या यंत्रणेत असा भाग असेल हे वाचताना आजही अंगावर काटा येतो माझ्या.

तर एका हातात हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असलेली टेस्ट आणि दुसऱ्या हातात एलटीपी थांबवणारं पण नेहमीचा सिग्नल चालू ठेवणारं औषध. मॉरिस, अँडरसन, लिंच आणि बॉड्री यांनी १९८६मध्ये दोन्ही एकत्र आणलं. उंदराच्या कातडीखाली छोटा पंप बसवला, तो एपी५ मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीत हळूहळू सोडत राहतो. या उंदरांना दडलेला प्लॅटफॉर्म नीट शिकता आला नाही. त्याच औषधाचं आरशातल्या प्रतिमेसारखं दुसरं रूप, जे त्या रिसेप्टरवर काम करत नाही, ते दिलेले उंदीर मात्र व्यवस्थित शिकले. एलटीपीसुद्धा जिवंत प्राण्यातच तपासलं आणि ते बंद पडलेलं होतं. शिवाय त्यांनी एक नजरेची टेस्ट घेतली, दोन वेगळे दिसणारे प्लॅटफॉर्म पाण्याच्या वर, एक चढता येईल असा आणि दुसरा चढलं की बुडणारा, आणि एपी५ घेतलेले उंदीर त्यातला बरोबर प्लॅटफॉर्म ओळखायला शिकले. म्हणजे आंधळे झालेले नाहीत, शिकणं पूर्ण थांबलेलं नाही, फक्त जागेचं शिकणं अडलंय. १९९२मध्ये डेव्हिस, बुचर आणि मॉरिस यांनी डोसचा हिशोबही लावला, हिप्पोकॅम्पसमध्ये प्रत्यक्ष किती एपी५ पोहोचतं ते मोजलं आणि ज्या प्रमाणात एलटीपी अडतं त्याच प्रमाणात शिकणंही अडतं असं दाखवलं.

एवढे कंट्रोल (तुलनेसाठीच्या पडताळण्या) असलेलं काम बघून बहुतेकांनी फाईल बंद केली असती, आणि खूप जणांनी केलीच.

पण थांबून एक प्रश्न विचारायला हवा. प्लॅटफॉर्म पटकन सापडला हा जो स्कोअर आपण मोजतोय तो मिळवायला उंदराला काय काय करावं लागतं? आपण त्याला जागेची स्मृती म्हणतो कारण टेस्ट त्यासाठीचीच म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात पहिल्यांदा टाकीत टाकलेला उंदीर काठाला चिकटतो, भिंतीवर पंजे घासत गोल गोल फिरतो, कारण त्याच्या आजवरच्या अनुभवात सुटका कडेला असते. काठ सोडून मध्ये जायचं हे त्याला आधी शिकावं लागतं. मग पाण्याखाली काहीतरी पायाला लागलं की ते टाळायचं नाही, त्यावर चढायचं हे शिकावं लागतं. मग चढल्यावर तिथेच थांबायचं, पुन्हा उडी मारायची नाही, कारण माणूस येऊन उचलेपर्यंत तीच सुटका आहे, हेही शिकावं लागतं. हे सगळं जमल्यावर मग कुठे, आता ही जागा खोलीतल्या कुठल्या दिशेला आहे, हा भाग येतो. गाडी चालवायला शिकणं आणि नवीन शहरातले रस्ते शिकणं एकाच दिवशी सुरू केलं तर माणूस चुकला तेव्हा तो क्लचमुळे चुकला की रस्त्यामुळे हे नुसत्या उशिरावरून कळत नाही, तसंच काहीसं.

आणि एपी५ घेतलेला उंदीर नुसता उशीर लावत नाही, तो वेगळाच वागतो, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारियो युनिव्हर्सिटीतल्या डोनाल्ड केनच्या गटाने हे अगदी बारकाईने टिपलंय. सेकंद मोजण्याऐवजी उंदीर नक्की काय करतो ते पाहिलं तर दिसतं की तो खूप वेळ काठालाच चिकटून राहतो, मध्ये आलाच तर प्लॅटफॉर्मवरून पोहत तसाच पुढे निघून जातो, कधी प्लॅटफॉर्मला अंग लागतं आणि तो वळून दुसरीकडे जातो, चढला तरी टिकत नाही. म्हणजे प्लॅटफॉर्म सापडलाय, शरीराला स्पर्शही झालाय, आणि तरी घड्याळ चालूच आहे! आलेखावर तो ५० सेकंदांचा एक ठिपका होतो आणि खाली शीर्षक असतं स्मृती.

यात आश्चर्य नाही, कारण एनएमडीए रिसेप्टर काही फक्त हिप्पोकॅम्पसमध्ये नाहीत. कॉर्टेक्समध्ये आहेत, नजरेच्या वाटेवर आहेत, हालचालीच्या यंत्रणेत आहेत, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आहेत. मेंदूच्या पोकळीत सोडलेलं औषध या बाकीच्या भागांतही थोडंफार पसरणारच. केटामिन हे भुलीचं औषध याच रिसेप्टरला अडवतं आणि ते दिलेल्या माणसाची शुद्ध, तोल, स्पर्श, नजर सगळंच बदलतं, त्याला नकाशा वाचता आला नाही तर आपण लगेच त्याची स्मृती गेली असं म्हणणार नाही. मग नजरेच्या टेस्टने ही शंका आधीच मिटवली नव्हती का? अर्धीच मिटवली होती. दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मकडे जाताना उंदराला समोरच्या वस्तूकडे पोहायचं असतं, काठ सोडून रिकाम्या दिसणाऱ्या पाण्यात शोध घ्यायची गरजच पडत नाही. तोच तर अवघड भाग आहे, आणि तो त्या कंट्रोलमध्ये तपासलाच जात नाही.

१९९५मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात यावर दोन पेपर लागोपाठ आले. गंमत म्हणजे पहिला मॉरिसच्याच गटाचा होता, आता एडिनबरामधला, पहिलं नाव डेव्हिड बॅनरमन. स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष स्वतःच इतक्या कडकपणे तपासायला घेणं मला फार मोठं वाटतं. दोन्ही गटांची मूळ कल्पना एकच, औषध द्यायच्या आधीच उंदराला टाकीचे नियम शिकवून टाका, म्हणजे औषधाखाली शिकायला फक्त नवीन जागा उरेल.

बॅनरमन आणि मंडळींनी उंदरांना आधी औषधाशिवाय एका वॉटर मेझमध्ये तयार केलं, मग एपी५ सुरू केलं आणि पूर्णपणे वेगळ्या ठिकाणच्या वॉटर मेझमध्ये, जिथल्या खुणा नव्या, जागा नवी, तिथे शिकायला लावलं. आणि उंदीर शिकले, जवळजवळ कंट्रोल उंदरांसारखेच. मग त्यांनी लगेच येणारा आक्षेपही तपासला, म्हणजे कदाचित सरावानंतर ही दुसरी टाकी हिप्पोकॅम्पसशिवायच जमत असेल, तर तसं नव्हतं, हिप्पोकॅम्पस काढला तर दुसरी टाकी जमत नव्हती. हिप्पोकॅम्पस हवाच, पण त्यातलं एनएमडीएवर चालणारं एलटीपी नसलं तरी चालतंय, असं चित्र उभं राहिलं. १९८६च्या सरळ रेषेला हा मोठाच धक्का होता.

सॉसिएर आणि केन यांचा पेपर त्याच्या पुढच्याच पानांवर. त्यांनी एनपीसी१७७४२ नावाचं दुसरं ब्लॉकर वापरलं, आधीचा सराव असा दिला की त्यात जागा शिकता येऊ नये पण पोहणं, शोधणं, चढणं, थांबणं शिकता यावं, आणि मग औषध दिलं. सराव नसलेले उंदीर गडबडले, सराव असलेले कंट्रोलइतक्याच वेगाने शिकले, आणि डेंटेट गायरस या हिप्पोकॅम्पसच्या भागातलं एलटीपी बंद होतं हेही त्यांनी तपासून दाखवलं.

इथे एक गाठ आहे जी घाईत वाचताना सुटून जाते. बॅनरमनच्या गटानेही असा जागा-नसलेला सराव देऊन पाहिला होता, टाकीभोवती पडदे लावून, प्लॅटफॉर्म दर वेळी हलवून. त्यांच्याकडे हे उंदीर नंतर एपी५खाली अडलेच. म्हणजे केनच्या मते नियम शिकवणं पुरेसं, मॉरिसच्या गटाच्या मते नुसते नियम पुरेसे नाहीत, जागा वापरून पोहोचायचं असतं ही पद्धतसुद्धा आधी कळलेली असावी लागते. औषध वेगळं, सरावाचा तपशील वेगळा, त्यामुळे कोण बरोबर याचा निकाल या दोन पेपरवरून लागत नाही. पण माझं मत विचाराल तर हा मतभेद दुय्यम आहे. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच निघाली, १९८६चा तो एक स्कोअर निदान दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज होता आणि औषध त्यातल्या सगळ्यांवर सारखं काम करत नव्हतं.

मग एपी५ जागेच्या आठवणीचं काहीच करत नाही का? इथे १९९९चा स्टील आणि मॉरिस यांचा प्रयोग येतो, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वात आवडणारा भाग हाच. त्यांनी टेस्टच बदलली. प्लॅटफॉर्म रोज नव्या ठिकाणी. त्या दिवशीच्या पहिल्या फेरीत उंदीर शोधत फिरणार, योगायोगाने सापडेल तेव्हा सापडेल, पण दुसऱ्या फेरीत त्याला त्या एका अनुभवावरून सरळ जाता आलं पाहिजे. उंदीर औषधाच्या आधीच या खेळात तरबेज केलेले, त्यामुळे नियमांचा प्रश्न मिटला. आणि बदलायचं काय, तर फक्त पहिल्या आणि दुसऱ्या फेरीमधला वेळ: १५ सेकंद, २० मिनिटं, किंवा २ तास.

एपी५ घेतलेले उंदीर १५ सेकंदांनंतर ठीक होते. २० मिनिटं आणि २ तासांनंतर अडले. औषध पोकळीत सतत सोडलं तरी हेच, आणि थेट हिप्पोकॅम्पसमध्ये थोडंसं सोडलं तरी हेच.

हे नीट समजून घ्यावं असं आहे. पोहता येत नाही, नीट दिसत नाही, प्लॅटफॉर्मवर टिकत नाही, घाबरलाय, काठाला चिकटतोय, यातलं कुठलंही कारण असतं तर १५ सेकंदांनंतरही स्कोअर पडायला हवा होता, कारण दोन्ही वेळा तोच उंदीर, तेच औषध, तीच टाकी, तेच पाणी. बदललंय फक्त मधलं अंतर. एक टेस्ट घ्यायची आणि दुसरी वेगळी टेस्ट कंट्रोल म्हणून जोडायची (१९८६मध्ये नजरेची जोडली तशी) यापेक्षा हे कितीतरी पक्कं आहे, कारण इथे कंट्रोल त्याच टेस्टच्या पोटात बसलेला आहे. आणि निकाल फिजिऑलॉजीशी जुळतोही, लगेचची आठवण चालू असलेल्या पेशींच्या जोरावर थोडा वेळ तगू शकते, ती मिनिटं-तास टिकवायला मात्र चेतासंधीत, म्हणजे दोन पेशींच्या जोडावर, बदल लागत असावा आणि त्याला एनएमडीए लागतो.

मधल्या काळात जनुकं बदललेले माईस, म्हणजे छोट्या जातीचे उंदीर, आले होते. १९९६मध्ये त्सिएन, हुएर्टा आणि टोनेगावा यांनी हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागातून एनएमडीए रिसेप्टर काढलेले माईस दाखवले आणि ते वॉटर मेझमध्ये मागे पडत होते. औषध पसरण्याचा आक्षेप गेला असं तेव्हा खूप जणांना वाटलं. पण २०१२मध्ये बॅनरमन आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या पद्धतीने बनवलेले माईस तपासले, त्यांच्या डेंटेट गायरसमधून आणि सीए१च्या वरच्या भागातून तो रिसेप्टर गेलेला होता, आणि हे माईस नेहमीचा वॉटर मेझ कंट्रोलइतकाच चांगला शिकले! रेडियल मेझमध्ये, म्हणजे मधून अनेक हात फुटणाऱ्या भूलभुलैयात, मात्र ते चुकत होते, खरं तर तोही जागेचाच खेळ.

मग त्यांनी टाकीत दोन हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या खुणा लावल्या, एकीच्या खाली प्लॅटफॉर्म आणि दुसरी फसवी. बरोबर खूण कोणती हे फक्त खोलीतल्या जागेवरून ठरणार. प्लॅटफॉर्म कुठे आहे हे या माईसना माहीत होतं, तरी फसव्या खुणेकडे जायचा मोह त्यांना आवरत नव्हता. माहिती डोक्यात आहे पण दोन सारख्या गोष्टींत निवड करायच्या क्षणी ती वापरून स्वतःला थांबवता येत नाही. साध्या वॉटर मेझमध्ये अशी निवडच नसते म्हणून तिथे दोष दिसत नव्हता, आणि रेडियल मेझमध्ये सगळे हात एकसारखेच दिसतात म्हणून तिथे दिसत होता.

अशी टेस्ट स्वतः घ्यायची असेल किंवा दुसऱ्याचा पेपर वाचायचा असेल तर या प्रकरणातून हाताशी ठेवण्यासारखं बरंच आहे. नुसत्या सेकंदांच्या आलेखावर विसंबू नका, पोहण्याचा वेग, कापलेलं अंतर आणि काठाजवळ घालवलेला वेळ वेगळा दिलाय का ते बघा, कारण हळू पोहणारा उंदीरही उशीर लावतो. मार्गाची चित्रं असतील तर आधी ती बघा. औषध सरावाच्या आधी सुरू केलं की नंतर, हे मेथड्समधलं एक वाक्य सगळा अर्थ बदलू शकतं. माईस असतील तर दोन फेऱ्यांमध्ये त्यांना कोरडं आणि गरम व्हायला वेळ दिलाय का हेही बघा, एवढासा जीव पाण्यात पटकन गार पडतो आणि गार पडला की हळू होतो. आणि शक्य असेल तिथे दुसरी टेस्ट कंट्रोल म्हणून जोडण्यापेक्षा त्याच टेस्टमधली एकच गोष्ट बदला.

१९९९ आणि २०१२चे निकाल शेजारी ठेवले की काहींना ते एकमेकांना खोडतात असं वाटतं, एकीकडे रिसेप्टर आठवणीला लागतो, दुसरीकडे तो नसतानाही जागा कळते. मला तसं वाटत नाही. स्टील आणि मॉरिसच्या उंदरांना रोज नवीन जागा एकाच अनुभवात पकडायची होती, बॅनरमनच्या माईसना एकच जागा कित्येक दिवस पुन्हा पुन्हा भेटत होती, आणि या दोन कामांना मेंदूतून सारखीच मदत लागते असं गृहीत धरायला काहीच आधार नाही. कोणाला या रिसेप्टरबद्दल पुढचं काही म्हणायचं असेल तर रोज जागा बदलणारी टेस्ट आणि दोन खुणांची टेस्ट, दोन्ही त्याच प्राण्यांवर घ्याव्या लागतील आणि दोन्हींचे स्कोअर वेगवेगळे छापावे लागतील.